पंधरा दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी डाऊन? नवीन बॅटरी घ्यायच्या आधी हे तपासून बघा

ठाणे-नवी मुंबईत हा प्रॉब्लेम आता घरोघरी झालाय. ऑफिसला लोकल नाहीतर कंपनीची बस, बाजारहाट रिक्षाने, आणि गाडी आपली बेसमेंटमध्ये धूळ खात उभी, ती निघणार थेट कोणाच्या लग्नाला नाहीतर गावाला जायच्या दिवशी. नेमकं त्याच दिवशी बॅगा डिकीत, पोरं मागच्या सीटवर, चावी फिरवली की टक टक टक टक. मग वॉचमनला हाक, शेजाऱ्यांची गाडी आणून जंप स्टार्ट, मग बॅटरीवाला येतो, "गेली बॅटरी, नवीन टाका" म्हणतो, आपण टाकतो, आणि काही महिन्यांनी परत तेच. हे जे परत तेच होतंय त्यावरच लिहायचंय. नवीन बॅटरी टाकूनही गाडी पुन्हा पुन्हा बसत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी निर्दोष असते, आणि आपण पैसे मात्र तिच्यावरच घालत राहतो.

आधी आवाज नीट ऐका, अर्धं निदान तिथेच होतं. भराभर टकटक होतेय आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत, तर करंट पुरत नाहीये, म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच मोठा 'टक' आणि दिवे मात्र लख्ख, तर सेल्फकडे, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरकडे, संशय घ्या. दिवे लख्ख, आवाज काहीच नाही, तर क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी मध्ये आहे का, चावीतला सेल संपलाय का ते बघा. आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर तो बॅटरीचा विषयच नाही, पेट्रोल नाहीतर उंदीर, त्याबद्दल खाली लिहिलंय.

टकटक असेल तर बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. हलायलाच नको. हललं तर १० नंबरचा पाना घेऊन घट्ट करा, कितीतरी "मेलेल्या" बॅटऱ्या एवढ्याने जिवंत होतात. टर्मिनलभोवती पांढरट-हिरवट पावडर जमलेली असेल, खाडीजवळच्या दमट हवेत तर जमतेच, तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि कपभर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफस करून सगळी निघते. कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून आधी पॉझिटिव्ह लावा, निगेटिव्ह शेवटी, आणि वरून थोडं व्हॅसलिन. हे करताना अंगठी, बांगड्या, धातूचं घड्याळ काढून ठेवा, अगदी न विसरता, कारण पाना पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये आला तर जी ठिणगी उडते ती साधी नसते आणि अंगठी त्या वाटेत आली तर बोट भाजतं.

यानंतर एक मल्टीमीटर घ्या. साधा डिजिटल तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि एका बॅटरीच्या किमतीत असे बरेच येतील. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ च्या वर म्हणजे फुल. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे जेमतेम पाव, आणि ११.८ च्या खाली गेली की संपली समजा. लोकांना वाटतं १२ व्होल्टची बॅटरी आहे आणि मीटर १२ दाखवतोय म्हणजे ठीकच आहे, तर तसं नाहीये, १२ म्हणजे ती शेवटच्या घटका मोजतेय. मग गाडी चालू करून परत मोजा, १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं तर ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, काम करतोय. हल्लीच्या काही गाड्यांत तो गरजेप्रमाणे व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे दिसलं तर घाबरू नका, पण गाडी चालू असूनही १२ च्या घरातच अडकलं असेल तर ऑल्टरनेटर, बेल्ट किंवा त्याचं वायरिंग दाखवून घ्या.

आता मुख्य मुद्दा. बॅटरीचा जमाखर्च मांडून बघायला लागतो. गाडी बंद असली तरी आतलं सगळं बंद नसतं. सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटरची मेमरी, हे सगळे थोडा थोडा करंट पितच असतात. चांगल्या गाडीत हा आकडा ५० मिलिअँपच्या आत असतो, बऱ्याचदा २०-३०. आता छोट्या गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे एक अँपिअर करंट ३५ तास पुरेल एवढा साठा (हजार मिलिअँप म्हणजे एक अँपिअर). ३० मिलिअँप धरले तर दिवसाला ०.७ अँपिअर-अवर जातात, पंधरा दिवसांत जवळपास ११, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा, काहीही बिघाड नसताना. ५० धरले तर पंधरा दिवसांत १८, म्हणजे अर्धी बॅटरी साफ. त्यात आपल्याकडचा उकाडा, बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते आणि गरमीत जास्त वेगाने उतरते. म्हणजे बिघाड नसलेली गाडीसुद्धा महिनाभर उभी ठेवली तर ती चालू होईलच याची खात्री नाही.

आणि जमेची बाजू? "मी रोज दहा मिनिटं चालू करून ठेवतो" हे वाक्य प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. हे करू नका, मनापासून सांगते. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर लागतात खरे, पण एक-दोन सेकंदच, तो खर्च किरकोळ आहे. खरा खर्च उभं राहण्याचा आहे, आणि दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे जागेवरच चालू, ठेवून तो भरून निघत नाही, कारण आयडलला ऑल्टरनेटर त्याच्या ताकदीच्या मानाने कमीच देतो आणि त्यातलाही वाटा पंखा, एसी, लाइट घेऊन जातात. वर इंजिन पूर्ण गरम होत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि आतून गंज, थोडं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, ऑइल बिघडतं. म्हणजे बॅटरी भरली नाहीच, वर बाकीच्याचं नुकसान. बंदिस्त बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून बसणं तर जिवाशी खेळ आहे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, लहान मुलांना घेऊन तर अजिबात बसू नका.

अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटवर लेड सल्फेटचे कण कडक व्हायला लागतात, मग ती जागा परत चार्ज घेत नाही, ३५ ची बॅटरी हळूहळू २५ ची, १५ ची होत जाते. नवीन बॅटरी वर्ष-दीड वर्षात मरते ती अशी. वॉरंटीत नेली की दुकानदार चार्ज करून परत देतो, "ठीक आहे मॅडम" म्हणतो, आणि त्या दिवशी ती ठीक असतेही.

नेहमीपेक्षा जास्त खर्च होतोय का हे बघायचं तर करंट मोजायला लागतो, आणि हे घरी करता येतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या हॅचबॅकचंच सांगते. काका रिटायर्ड, गाडी दोन रविवारांतून एकदा, तीसुद्धा मुलीकडे डोंबिवलीला, आणि दर वेळी बॅटरी बसलेली. नवीन बॅटरी टाकून झाली, ऑल्टरनेटर उघडून झाला, एका दुकानाने अख्खं वायरिंग बदलायचा सल्ला दिला. आम्ही मीटर लावला. पद्धत अशी: काळी वायर मीटरच्या कॉम मध्ये, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, नॉब १० अँपिअर डीसीवर. गाडी बंद, चावी वर घरात (कीलेस गाडीची चावी जवळ असली तर गाडी झोपतच नाही), ड्रायव्हरचा दरवाजा उघडा पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' केलेलं, म्हणजे गाडीला वाटतं दरवाजा लागलाय. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, आणि मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरी त्या काढलेल्या केबलला. मीटर लावलेला असताना इग्निशन किंवा सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो कारण सगळे कॉम्प्युटर जागे झालेले असतात, वीस-तीस मिनिटं थांबायचं, मग तो खाली येतो.

काकांच्या गाडीत तो ०.११ वर येऊन थांबला. म्हणजे ११० मिलिअँप, दिवसाला अडीच अँपिअर-अवरच्या वर, आठवड्यात अर्धी बॅटरी. मग एकेक फ्यूज काढत गेलो, हेडलाइट काही फरक नाही, हॉर्न नाही, स्टिरिओचा काढला तर किंचित, आणि घड्याळ-आतला दिवा याचा फ्यूज काढल्याबरोबर आकडा ०.०२. फ्यूजच्या मागे बघितलं तर एक बारीक लाल वायर टेप गुंडाळून त्यातच जोडलेली, ती धरून डॅशबोर्डखाली हात घातला तर काड्यापेटीएवढा जीपीएस ट्रॅकर. पूर्वी गाडीवर ड्रायव्हर होता तेव्हा मुलाने बसवून घेतला होता, त्याचं सिमकार्डही चालूच होतं. आमच्या खालच्या बेसमेंटला मोबाइलला रेंज नाही, आणि रेंज नसली की असला ट्रॅकर पूर्ण ताकदीने नेटवर्क शोधत बसतो, त्यामुळे उघड्यावर उभ्या गाडीत जेवढा करंट खाल्ला असता त्यापेक्षा जास्त खात होता. तो इग्निशनच्या फ्यूजवर घेतला, म्हणजे चावी बंद तर तोही बंद, आणि विषय संपला. काका तेवढ्यात वर जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आले होते.

तर संशयित शोधताना कंपनीने दिलेल्या गोष्टींपेक्षा नंतर बसवलेल्या गोष्टी आधी बघा. ट्रॅकर, पार्किंग मोडवाला डॅशकॅम, अँड्रॉइड स्टिरिओ, अँप्लिफायर, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, ओबीडी पोर्टमध्ये (डॅशबोर्डखालचं, मेकॅनिक स्कॅनर लावतात ते सॉकेट) खुपसून ठेवलेलं काहीही. डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा झाकण लावल्यावर खरंच विझतो का ते मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवून बघा. फास्टॅगवर मात्र आळ घेऊ नका, त्याला बॅटरी लागतच नाही.

आकडा ५० च्या आत असेल आणि तरीही गाडी बसतेय, तर गाडी निरोगी आहे, ती उभीच जास्त राहते एवढंच. त्याला माझ्या मते एकच पक्का इलाज आहे, तो म्हणजे चार्जर. स्मार्ट चार्जर घ्या, ४-५ अँपिअरचा, जो बॅटरी भरली की आपला आपण थांबतो किंवा मेंटेनन्सवर जातो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा शेवटचा वीस टक्के भाग फार सावकाश भरतो, तासन्‌तास लागतात, त्यामुळे तासभर गाडी फिरवूनही उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही, रात्रभर चार्जरवर भरते. महिन्यातून एकदा असं केलं तरी बॅटरीचं आयुष्य कितीतरी वाढतं. पार्किंगमध्ये प्लग नसेल, आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांत नसतोच, असला तर तो कॉमन मीटरवर असतो आणि कमिटी आक्षेप घेते, तर बॅटरी काढून घरी आणा, ३५ ची बॅटरी साधारण दहा किलोची असते, सरळ धरून आणा, आडवी करू नका, आणि बंद खोलीत नको, बाल्कनीत लावा, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी, गाडी असेल तर तिच्यात वेगळ्या प्रकारची बॅटरी असते, एजीएम किंवा ईएफबी, चार्जरचा मोड तोच ठेवा आणि बदलताना स्वस्तात साधी बसवू नका.

महिनाभर गावाला जाणार असाल तर सोपा उपाय, निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ आणि काचांचं ऑटो सेटिंग परत करायला लागेल, काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. दरवाजा साध्या चावीने उघडतो ना तेही आधीच बघून ठेवा, रिमोट तेव्हा चालणार नाही.

चालवायची तर नीट चालवा. आठवड्या-दहा दिवसांतून एकदा तीस-चाळीस मिनिटं, मोकळ्या रस्त्यावर, एसी लावून (एसीच्या कॉम्प्रेसरलाही ऑइल फिरायला हवं). नवी मुंबईकरांना रविवारी सकाळी पाम बीच रोड आहे, वाशी ते बेलापूर आणि परत. ठाणेकरांनी लवकर उठून ईस्टर्न एक्सप्रेसवर विक्रोळीपर्यंत जाऊन यावं. घोडबंदर रोडला संध्याकाळी पहिल्या गिअरमध्ये रांगणं यात धरू नका.

गाडी आत्ता बसलेली आहे आणि निघायचंय, तर जंपर केबलचा क्रम पाठ करा. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या उघड्या धातूला, बॅटरीवर नाही. काढताना उलट्या क्रमाने. धक्का स्टार्ट ऑटोमॅटिकला चालत नाही, आणि मॅन्युअललाही बॅटरी पूर्ण मेली असेल तर फ्युएल पंप आणि ईसीयूलाच (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वीज नाही, मग वॉचमन आणि तीन शेजारी घाम गाळून थकतात एवढंच.

उंदरांचं सांगायचं राहिलं. पावसाळ्यात बेसमेंटच्या गटारातून हे वर येतात आणि इंजिनजवळची ऊब त्यांना आवडते. वायरी कुरतडल्या की लक्षणं चक्रावणारी असतात, सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, इंजिन चेकचा दिवा लागतो, कधी एकच हेडलाइट बंद. बॉनेट उघडून इन्सुलेशनच्या फोमचे तुकडे, लेंड्या, कुठून आणलेलं पोळीचं टोक दिसतंय का बघा, केबिनचा एसी फिल्टर काढून बघा, घरटं तिथेच असतं. डांबर गोळ्या, तंबाखूची पानं, बाजारातले स्प्रे, सगळ्यांचा वास आठवड्यात उडतो. बॉनेटखाली खालून बारीक स्टीलची जाळी लावून घेणं आणि गाडीत खाण्याचा कण न ठेवणं हेच टिकतं. आणि गाडी जागची हलत राहिली की उंदीरही बस्तान बसवत नाहीत.

बाकी झटपट. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवू नका, मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून विटा लावा. टायरमध्ये हवा कंपनीच्या आकड्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त ठेवा, आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर वाचा, ३११९ म्हणजे २०१९ चा ३१ वा आठवडा, कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. सीएनजीवाल्यांनी विशेष लक्ष द्या, टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तेच राहतं, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं जे ओलावा ओढून घेतं, तेव्हा दर फेरीत थोडं अंतर पेट्रोलवर चालवा आणि ते संपवून ताजं भरा. इंजिन ऑइल किलोमीटर झाले नसले तरी वर्षाने बदला. पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत बुरशी येते.

आणि स्टॅक पार्किंगवाल्यांसाठी, म्हणजे जिथे मशीनने गाड्या एकावर एक ठेवतात त्यांच्यासाठी, एक. गाडी वरच्या नाहीतर खड्ड्यातल्या पॅलेटवर असताना बॅटरी बसली तर शेजाऱ्याची गाडी केबल पोचेल इतकी जवळ येऊच शकत नाही. तुम्ही छोटा लिथियम जंप स्टार्टर घ्या, पॉवर बँकेसारखा येतो, पण तो गाडीत ठेवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत त्याची बॅटरी खराब होते, आणि बऱ्याच गाड्यांची डिकी विजेवर उघडते, म्हणजे गाडीची बॅटरी बसली की जंप स्टार्टर आतच अडकला. तो घरात, दाराजवळच्या कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी मोबाइलसारखा चार्ज करत चला.